गिरधर मास्तरांची पेवातली शाळा

बोरवणात आजही कुणी ना कुणी सांगतं की गिरधर मास्तरांनी लपवलेल्या बाजरीपायी सख्ख्या भावाला सरकारच्या ताब्यात दिलं. साफ खोटं आहे. बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, दुसरं काय. धान्य तर तेव्हा निम्म्या गावाने लपवलं होतं, आणि भावाच्या घरची भाकरी मास्तर स्वतः दोन्ही वेळ खात होते. भावाभावांचं बिनसलं ते बाजरीवरून नव्हे. ते एका हातावरून बिनसलं, आणि तो हात सगळ्या गावाने दिवसाढवळ्या पाहिला होता. पाहिला आणि हसले सगळे. आता तेच लोक बाजरीची गोष्ट सांगतात, कारण ती सांगायला सोपी आहे.

गिरधर मास्तर तापीकाठच्या या गावातले पहिले फायनल पास. वडील मानमोडी तापाच्या साथीत गेले तेव्हा ते जेमतेम चालायला शिकले होते. थोरले भाऊ रतिलाल, ज्यांना पुढे सगळं गाव जिभाऊ म्हणायला लागलं, त्यांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. जिभाऊंनी पाटी ठेवली आणि औत हाती धरलं. धाकट्याला मात्र शिकवलं. नाल्याला पूर आला की त्याला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचे. नंदुरबारला शिकायला ठेवलं तेव्हा भाकरीचं गाठोडं घेऊन दर बाजाराला स्वतः पायी जायचे. अशा भावाचं कोणी वाईट चिंतील का? मास्तरांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. जिभाऊंच्या घरी राहायचे, कौसावहिनींच्या हातचं खायचे, आणि पुतणी धनू हीच त्यांची लेक होती.

गावात लोकल बोर्डाची शाळा होती, चार इयत्ता आणि एकच मास्तर. शिकवण्याची मास्तरांची तऱ्हा जगावेगळी. जे हाताला लागत नाही ते डोक्यात राहत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्रेचाळीसच्या पावसाळ्यात इंद्रसिंग नावाच्या चौथीतल्या पोराने त्यांना विचारलं, "मास्तर, लढाई इतली दूर शे, तं आमना घरना दिवा काबर इझना?"

लांबच्या लढाईने घरचा दिवा का विझावा, हा प्रश्न बरोबर होता. रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती, धोतरजोडीसाठी लोक तालुक्याला खेटे घालत होते. ज्या लढाईचं नाव कुणाला नीट घेता येत नव्हतं, ती घराघरात चुलीपर्यंत येऊन बसली होती. मास्तर एकदा मुंबईला गिरणीतल्या मावसभावाकडे जाऊन आले होते. तिथला काळोख, भोंगे, खिडक्यांना लावलेले काळे कागद त्यांनी पाहिले होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि पोरांना घेऊन अंगणात आले.

त्या दिवसापासून शाळेचं अंगण म्हणजे अर्धी दुनिया झालं. रांगोळीच्या पांढऱ्या फक्कीने रेघा ओढल्या, एका कोपऱ्यात मुंबई, दुसऱ्या कोपऱ्यात रंगून, मध्ये गुरांचं पाण्याचं डोणं म्हणजे समुद्र. वाळत घातलेल्या लाल मिरच्या ओळीने मांडून लढाई कुठपर्यंत आली ते पोरं दाखवायची. खिडकीला घोंगडी लावून अंधारात भाकरी खायची. शिपायासारखं ओझं पाठीवर घेऊन नदीपर्यंत जायचं आणि यायचं. गावातले काही शहाणे म्हणाले की मास्तर सरकारचा ढोल बडवतोय. बडवत नव्हते. पोरांना कळावं एवढीच त्यांची धडपड होती, पण हे कोण कोणाला सांगणार?

एकदा त्यांनी रेशनचं दुकान मांडलं. पळसाचं पान म्हणजे कार्ड, इंद्रसिंग दुकानदार, आणि मास्तरांनी घरून आणलेला गूळ म्हणजे साखर. पोरं रांगेत उभी राहिली. निम्मी रांग संपली आणि गूळही संपला. मागच्यांना खरोखरच काही मिळालं नाही. दोघं-तिघं रडले. धनू घरून आणखी गूळ आणायला पळाली तर मास्तरांनी तिला दारातून परत फिरवलं. रांगेच्या शेवटी उभी होती काली. जिभाऊंकडे सालाने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, राबणाऱ्या वाहरू भिलाची ती मुलगी. मास्तरांनी वाहरूच्या झोपडीवर चकरा मारमारून तिला शाळेत आणली होती. ती रडली नाही. मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आमना घर असंच ऱ्हास." लढाई शिकवायला निघालेल्या माणसाला त्या पोरीने जागच्या जागी गप्प केलं.

शाळेच्या मागे जिभाऊंचं जुनं खळं होतं आणि खळ्यात एक पेव. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी, तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढंच, आणि आत पोट ऐसपैस. धान्य भरायचं, वर कडबा, माती, फरशी, आणि बंद. ते पेव कित्येक वर्षं रिकामं पडलं होतं. विमानं आली की मुंबईची माणसं तळघरात शिरतात, ते पोरांना दाखवायला मास्तरांना ते हवं होतं. जिभाऊंनी हसत हसत दिलं. "खेया पोरेसहो, मन्हं काय जास," म्हणाले. शिडीसुद्धा त्यांनीच करून दिली.

पेवाची एक गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बंद पेवातलं धान्य आतल्या आत तापतं आणि हवा नासते. पेव उघडून तसाच उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. मास्तरांनी पहिल्या दिवशी सगळ्या पोरांसमोर कंदील सोडून दाखवला. चांगला जळत राहिला. काही दिवस रोज सोडला. मग रॉकेल संपलं. पेव रिकामं, रोज उघडं, रोज पोरं आत-बाहेर करताहेत, कंदील हवा कशाला? कुणीही असाच विचार केला असता.

कवायत ठरून गेली. इंद्रसिंगाने रॉकेलचा रिकामा डबा बडवला की तो भोंगा. सगळ्यांनी पेवाकडे धावायचं. धावताना आणि आत गेल्यावर तोंडातून हूं की चूं करायचं नाही, हा मास्तरांचा कडक नियम. मुंबईत हवाई हल्ल्याच्या वेळी लोकांना आसऱ्याला नेणारा वॉर्डन असतो, तशा इथल्या वॉर्डनने आधी एकटीने उतरायचं, साप-विंचू नाही ना ते पाहायचं आणि दगडाने शिडीवर ठकठक करायची. मग दुसऱ्यांनी जायचं. वॉर्डन काली होती. तिला अंधाराचं भय नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या गोष्टीत तिचा पहिला नंबर लागतही नव्हता. तिच्या मागे धनू. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. धनू वर्गात तिला आपल्या पाटीवर लिहू द्यायची, आणि काली तिला बोरं कुठल्या बांधावर गोड ते सांगायची.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर तळोद्याला बहिणीकडे गेले. परत आले ते शाळा उघडायच्या दिवशी सकाळी, आणि येऊन पाहतात तो शाळेच्या दारात घोडागाडी. शाळा तपासणारे डेप्युटी साहेब शहाद्याकडे निघाले होते. बोरवणच्या मास्तराची कवायत पाहायला म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. गाडीत त्यांच्याबरोबर लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचं धान्य वसूल करणारे सर्कल इन्स्पेक्टर. सर्कलला शाळेचं काही घेणं नव्हतं, ते गावातल्या धान्याच्या कणग्या तपासायला आले होते, पण साहेबांबरोबर तेही खुर्चीवर बसले.

गाव गोळा झालं. मास्तरांची छाती फुगली, ते नाकारण्यात अर्थ नाही. खेड्यातल्या मास्तराकडे साहेब आपण होऊन येतो हे काय रोज घडतं? जिभाऊ लाल पागोटं घालून आले, साहेबांना हार घातला. मग भावाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गिरधर, आज पेव ऱ्हाऊ दे. साहेबले मिरच्यासनी लढाई दाखाड."

मास्तरांना राग आला. जन्मात एकदा कौतुक व्हायची वेळ आली, तर भाऊ मोडता घालतोय. म्हणाले, "जिभाऊ, तुम्ही शेतीनं दखा. शाळानं मी दखसू." असं ते भावाशी यापूर्वी कधी बोलले नव्हते. जिभाऊंनी सर्कलकडे एकदा पाहिलं. थोड्या वेळाने साहेबांना म्हणाले की चहा तयार आहे, आधी घरी चलावं. साहेब म्हणाले, चहा मागून. आधी पेव.

इंद्रसिंग आणि दोन पोरांनी फरशी सरकवली. आतून कोंदट, आंबूस, ऊन वास आला, शिळ्या पिठाला येतो तसा. मास्तरांच्या नाकाला तो लागला. सुट्टीभर बंद होतं, असायचंच, असं ते मनाशी म्हणाले. क्षणभर कंदील त्यांच्या मनात येऊन गेला. पण कंदिलात रॉकेल नव्हतं, ते कुणाकडे तरी मागायला हवं होतं, आणि साहेब घड्याळ काढून बघत होते. डबा वाजला. पोरं धावली. एकाच्याही तोंडून शब्द नाही. काली ओढणी कमरेला खोचून शिडीवरून सरसर खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

सगळं शांत. पेवाच्या तोंडाशी धनू, तिच्यामागे पोरांची रांग, सगळ्यांचे कान खाली लागलेले. आतून काही आवाज नाही. साहेब सर्कलकडे वळून म्हणाले, "काय शिस्त आहे पाहा. शहरातल्या शाळेत एवढी शांतता मिळायची नाही." मास्तर सुखावले. ठकठक अजून आली नव्हती. साहेब आलेत म्हणून पोरगी जरा जास्तच नीट बघत असेल, असं त्यांना वाटलं. मग साहेब म्हणाले, "चला, पुढची मुलगी जाऊ दे."

धनूने मास्तरांकडे पाहिलं. ठकठक झाल्याशिवाय जायचं नाही हा मास्तरांचाच नियम. पण मास्तरांनी मान हलवली. साहेबांचा शब्द कसा मोडायचा? धनूने शिडीवर पाय ठेवला.

आणि जिभाऊ पुढे झाले. माणसं बाजूला सारत आले आणि त्यांनी धनूचं मनगट धरलं. घट्ट. "तू नको उतरू," म्हणाले. "तुले सर्दी शे."

लोक हसले. साहेबही हसले, म्हणाले बापाचं काळीज. धनू वरमली. सर्दी-बिर्दी काही नव्हती तिला. मास्तरही हसणार होते, पण त्यांची नजर भावाच्या तोंडाकडे गेली आणि हसू जागीच राहिलं. ते तोंड पांढरं पडलं होतं. पागोट्याखालून घाम उतरत होता. पोरीचं मनगट त्यांनी असं आवळलं होतं की तिची बोटं लाल झाली होती. सर्दी झालेल्या पोरीला बाप असं धरत नाही.

मास्तरांना त्या एका क्षणात सगळं उमगलं. तो वास. मघाचं ते बोलणं. खुर्चीवरचा सर्कल. पेव रिकामं नाही. आणि हे भावाला माहीत आहे. काली उतरली तेव्हाही माहीत होतं. काली इथूनच, या माणसाच्या पायाजवळून खाली गेली, आणि याने हूं की चूं केलं नाही.

"नाडा आणा," मास्तर ओरडले. विहिरीवरचा मोटेचा दोर कुणीतरी आणला. त्यांनी तो कमरेला बांधला, उपरणं डोण्यात बुचकळून नाकातोंडावर आवळलं, दोर हलला की ओढा म्हणाले आणि श्वास कोंडून खाली गेले. पाय जमिनीला लागायला हवे होते तिथे लागले नाहीत. कडब्यात शिरले, आणि कडब्याखाली दाणे सरकले. ओलसर, गरम दाणे. त्यांचे पाय घोट्यापर्यंत बाजरीत रुतले. अंधारात हात फिरवताना काली हाताला लागली. भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर, मुठीत ठकठक करायचा दगड तसाच. नियमाप्रमाणे बसली होती ती.

वर ओढलं तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पण पोरीला त्यांनी सोडलं नाही. कालीचे ओठ निळे होते. तिला उताणी निजवली, कुणी सुपाने वारा घातला, कुणी तोंडावर पाणी मारलं, मास्तर तिच्या छातीला हात लावून बसले. हाताखाली काही हलत नव्हतं. डेप्युटी साहेब उभे राहून नुसते हातातला रुमाल चुरगळत होते. शेतातून वाहरू धावत आला. त्याने कुणाला काही विचारलं नाही, मुलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी भिलीत काहीतरी बोलत राहिला. मास्तरांना ते शब्द कळले नाहीत. मग कालीच्या घशातून एक आवाज आला, खरखरीत, आणि ती खोकली. पुन्हा खोकली. मास्तर तिथेच मातीत बसून लहान मुलासारखे रडले, सगळ्या गावासमोर.

त्यांच्या धोतराला, पायांना, कालीच्या केसांना बाजरी चिकटली होती. सर्कलने एक दाणा उचलून बोटांत चोळला आणि विचारलं, "हे धान्य कोणाचं?"

"मन्हं शे," जिभाऊ म्हणाले. लगेच म्हणाले. ते आढेवेढे घेतील असं लोकांना वाटलं होतं, पण त्यांनी काहीच आडवं लावलं नाही. उलट त्यांचा श्वास मोकळा झाल्यासारखा दिसला. सुट्टीत नवरा-बायकोने मिळून भरलं, पावसात भिजलेली बाजरी घाईत टाकली, पोरं रोज खेळतात त्या पेवावर कुणाला संशय येणार नाही असं वाटलं, सगळं घडाघडा सांगून टाकलं. बाजरी जप्त झाली, पुढे खटलाही झाला. लोक म्हणतात मास्तरांनी पकडून दिलं. कसलं काय? बाजरीचा गुन्हा जिभाऊंनी आपणहून आणि खुशीने कबूल केला. दुसऱ्या गुन्ह्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही.

मास्तरांनी विचारलं. त्याच दिवशी संध्याकाळी, ओट्यावर. कौसावहिनी आत पदराने डोळे पुसत होत्या आणि चूल पेटवलेली नव्हती. जिभाऊ खांबाला टेकून बसले होते. दिवसभरात म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"जिभाऊ, तुमले माहीत व्हतं," मास्तर म्हणाले.

"माले वाटनं काही व्हनार नही," जिभाऊ म्हणाले. "वर कडबा टाकेल व्हता. मी म्हणं, पोर घडीभरमा वर ई जाईन. सर्कल समोर बठेल. काय करू मी?"

"काही व्हनार नही असं वाटनं, मंग धनूले काबर धरं?"

जिभाऊ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात आपोआप गया, गिरधर. देवनी आन, आपोआप गया."

"कालीना वखतले नही गया."

याच हाताने मास्तरांना पुरातून पलीकडे नेलं होतं. त्याच हाताचं आयुष्यभर खाल्लं होतं. भावाने धान्य लपवलं याचं त्यांना काही वाटलं नाही, भाऊ भित्रा आहे हेही पोटात घातलं असतं. पण हात आपोआप जातो आणि आपोआपच राहतो, आणि कोणासाठी जायचं आणि कोणासाठी राहायचं हे त्याला न सांगता कळतं, हे मात्र त्यांना पोटात घालता येईना. भाऊ वाईट नव्हता. तेच तर भयंकर होतं. आणि साहेबांसमोर छाती फुगवून, नाकाला लागलेला वास गिळून, त्या पोरीला खाली सोडणारे तर ते स्वतःच होते. मास्तर उठले, वळकटी उचलली आणि शाळेत राहायला गेले. दाराआड धनू उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिचं मनगट अजून दुखत होतं.

गावाने पेव दगडमातीने बुजवलं. काली काही दिवस शाळेत आली नाही. मास्तर वाहरूच्या झोपडीपर्यंत जायचे आणि दारातून परत यायचे, आत जायचं धैर्य होत नव्हतं. वाहरू त्यांना ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तो रोज सकाळी जिभाऊंच्या शेतात कामाला जातच होता, कारण साल आखाजीला, अक्षय तृतीयेला, संपायचं होतं आणि आखाजी दूर होती. मास्तरांनी पुस्तक उघडून पुस्तकातला इतिहास शिकवायला सुरुवात केली. पोरं पाठ म्हणायची. फक्कीच्या रेघा पुसून गेल्या.

मग एका दुपारी काली आपणहून आली. मधल्या सुट्टीची वेळ होती. मास्तर आत पाट्या तपासत होते. बाहेर डबा वाजला.

त्यांनी पाट्या तशाच टाकल्या. खिडकीशी येऊन पाहिलं तर पोरांनी टाचेने मातीत एक रिंगण ओढलं होतं, पेवाच्या तोंडाएवढं. सगळी पोरं रांगेत, तोंडं मिटलेली. इंद्रसिंग एका दगडावर साहेब होऊन बसला होता. काली रांगेतून पुढे आली, रिंगणात शिरली, बसली, मान छातीवर टाकली आणि डोळे मिटले. इंद्रसिंग म्हणाला, "काय शिस्त आहे पाहा." कुणी हसलं नाही.

दुसरा नंबर धनूचा. पण धनू रांगेत नव्हती. तिने आपली जागा कमल नावाच्या धाकट्या पोरीला दिली होती. स्वतः बाजूला उभी होती, लाल ओढणी डोक्याला पागोट्यासारखी गुंडाळून. कालीला रिंगणात जाताना तिने पाहिलं आणि ती हलली नाही. जिभाऊ उभे होते तशीच उभी राहिली, हात पाठीमागे. मग कमलने पाय पुढे टाकला, तशी ती पोरांना बाजूला सारत आली आणि तिने कमलचं मनगट धरलं. "तू नको उतरू. तुले सर्दी शे."

मास्तर दाराकडे धावले. हे थांबवायला हवं होतं. आणि दारातच थबकले, कारण आवाराच्या पलीकडे रस्त्यावर बैलगाडी उभी होती. गाडीवर जिभाऊ होते. त्यांनी कासरा ओढला नव्हता, बैल नेहमीच्या जागी आपणहून थांबले होते. जिभाऊंनी आपल्या लेकीला पागोटं घातलेलं पाहिलं होतं आणि तिने धरलेला हातही पाहिला होता. कधी नव्हे ते मास्तरांना भावाची दया आली, आणि तरीही त्यांनी पोरांना हाक मारली नाही. हाताने शिका, असं त्यांनीच सांगितलं होतं. पोरं शिकली होती.

रिंगणातल्या कालीने डोळे उघडून मान वर केली. तिला रस्त्यावरचं काही दिसत नव्हतं, तिची पाठ तिकडे होती. अंगावरची माती झटकत ती धनूला म्हणाली, "चाल, परत खेळू. आते मन्हा हात धर."

धनूने एकदा रस्त्याकडे पाहिलं. बापाची आणि तिची नजर भेटली. मग तिने कमलला सोडलं.

पोरं पुन्हा रांगेत लागली. इंद्रसिंगाने डबा वाजवला. काली रिंगणाकडे निघाली, आणि धनूने लाल ओढणी सावरत पुढे होऊन तिचं मनगट धरलं. काली त्या वेळी आत उतरली नाही.